दारापासून तिसरी कॉट

स्टुलाचा एक पाय आखूड होता. वर कुणी चढलं की खाली दुसऱ्या कुणीतरी ते धरून उभं राहावं लागे.

लोखंडी कॉटचं चाक डावीकडे ओढतं. ढकलणाऱ्यानं उजवीकडे जोर लावायचा, म्हणजे कॉट सरळ जाते.

थर्मामीटर मनगटानं झटकायचा, खांद्यानं नाही.

जतच्या पलीकडं एक गाव आहे. तिथल्या आडावर माणसं रांगेत उभी राहत नाहीत. घागरी राहतात. माणसं लिंबाच्या सावलीला बसतात.

बारा, बारा, बारा, बारा, बारा आणि एक शून्य. सरासरी दहा. शून्य काढून टाकलं तर सरासरी बारा.

चुना वाळायला दोन दिवस लागतात.

"आक्काताई हे नाव आहे का नातं?"

शून्य

हे मेहरुननं विचारलं होतं. कॉट आत आणणारे दोघे वॉर्डबॉय घाम पुसत जिना उतरून गेले होते आणि नवी मुलगी आपली वळकटी पोटाशी धरून दारात उभी होती.

"नाव," ती म्हणाली. "आक्काताई बिरू शिंगाडे."

"म्हणजे मेट्रननं हाक मारली तरी आक्काताईच म्हणायला लागणार?"

"म्हणू दे की. तेवढाच मान."

मेहरुन खो खो हसली आणि आक्काताई आमची झाली.

ते एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं आणि त्याला जोडून नर्सिंगची शाळा. पहिल्या वर्षाच्या मुलींना वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. त्या वर्षी सरकारनं तीन जागा वाढवून दिल्या, म्हणून प्रत्येक खोलीत एकेक कॉट वाढली. आमच्या खोलीत ती ठेवायला जागाच नव्हती. शेवटी दाराला लागून टाकली. त्यानंतर दार अर्धंच उघडायचं आणि आम्ही अंग चोरून आत-बाहेर करायचो. दारापासून मोजलं तर पहिली आक्काताई, मग मेहरुन, मग साताऱ्याची कुसुम, मग सुशी आणि प्रभा, आणि अगदी खिडकीत मी. नलिनी सुतार. नलू, नले, नली, ज्याला जे सुचेल ते.

आम्हाला शिकवायला रणभिसे सिस्टर होत्या. बारीक अंगाच्या. बोलायच्या इतकं हळू की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर आकडे मांडले.

"वर्षात सहा चाचण्या. प्रत्येक वीस गुणांची. सगळ्यांत कमी गुणांची एक मी वगळणार. उरलेल्या पाचांचे शंभरपैकी पन्नास झाले तरच परीक्षेला बसता येईल. एकोणपन्नास झाले तर घरी."

मेहरुननं हात वर केला. "सिस्टर, वगळून फरक किती पडतो?"

सिस्टरनी पाच वेळा बारा लिहिले आणि शेवटी शून्य. मग बेरीज करून भागाकार केला. "शून्य धरलं तर सरासरी दहा. काढलं तर बारा. एक शून्य सगळ्यांना खाली ओढतं."

"आणि सहाही वेळा बारा मिळाले तर?"

"मग बारा काढून बाराच राहतील."

"म्हणजे सगळा वेळ अभ्यास करणारीला काहीच नाही?"

"तिला बारा आहेत," सिस्टर म्हणाल्या आणि फळा पुसला.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या वर्षाची विमल आमच्या खोलीत आली, दार जेवढं लागत होतं तेवढं लावलं आणि कॉटच्या कडेवर बसली.

"ऐका. एकदाच सांगणार. प्रत्येक खोलीला एक वॉर्ड असतो. तुमच्याकडं बायकांचा सर्जिकल. चोवीस पेशंट. दुपारी दोनपासून आठपर्यंतची कामं सहा जणींत वाटलेली. स्पंजिंग, टेंपरेचर, बेडपॅन, चादरी. चाचणीच्या आदल्या दिवशीसुद्धा ती सुटत नाहीत. मेट्रन सोडत नाही. मग अभ्यास कधी करणार?"

"पहाटे," सुशी म्हणाली.

"पहाटे झोपशील. म्हणून एकीनं उभं राहायचं. सहा जणींचं काम एकटीनं करायचं, बाकीच्या पाच जणींनी खोलीत बसून वाचायचं. उभी राहिलेलीनं दुसऱ्या दिवशी पेपरवर फक्त नाव-नंबर लिहून कोरा द्यायचा. तिचं शून्य धरत नाहीत. पुढच्या चाचणीला दुसरी उभी. कळलं?"

"सहा चाचण्या, सहा कॉट," मेहरुन म्हणाली. "देवानंच जुळवलंय."

"देव काही जुळवत नाही. आणि ह्यावर बोलायचं नाही. ड्यूटी बदललेली मेट्रनला कळली तर खोलीच्या खोली घरी जाईल. कोण उभी, कधी उभी, तोंडानं विचारायचं नाही. दारापासून मोजायचं."

"आणि रणभिसे सिस्टरना कळलं तर?" मी विचारलं.

"त्या मेट्रनच्याही वरच्या. पुस्तकाबाहेरचं काही खपत नाही त्यांना."

दारापासून पहिली आक्काताई. तिला येऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता. चोवीस पेशंटांची नावं तिला येत नव्हती, थर्मामीटर ती खांद्यातून झटकायची आणि एक फोडलाही होता. प्रभा म्हणाली की पहिल्या खेपेला आपण दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. आक्काताई तोवर साडीचा पदर खोचून निघालीसुद्धा होती.

"पाळी म्हंजे पाळी," ती म्हणाली.

त्या दिवशी मी पाणी प्यायला खाली गेले तेव्हा वॉर्डात डोकावले. मधल्या वाटेत ती एकटी उभी होती. दोन्ही हात कमरेवर. खाटांकडे अशी बघत होती जशी बाई पेरलेल्या रानाकडे बघते. मग चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं कोरा पेपर दिला.

बारा

दुसऱ्या चाचणीला मेहरुन उभी राहिली. आक्काताईला बारा मिळाले.

बारा तिला फुकट मिळाले नव्हते. आमची पुस्तकं मराठी होती, पण त्या मराठीला बोलणारं माणूस जगात नव्हतं. आक्काताई एकेक शब्दावर थांबायची. "मूत्रविसर्जन. ह्याला आमच्यात काय म्हणत्यात सांगू?"

"नको!" आम्ही सगळ्या एकदम.

"आगं पण पेशंट तेच म्हणती की. ती काय म्हणणार हाय, सिस्टर, मला मूत्रविसर्जन आलंय?"

शून्य

दुसऱ्या चाचणीनंतर खोल्यांना चुना मारायला माणसं आली. कॉट व्हरांड्यात काढल्या, दोन दिवसांनी परत आत ढकलल्या. ढकलणाऱ्यांना कोण कुठं झोपतं याच्याशी काय देणं-घेणं. कुसुमची कॉट दाराला लागली. आक्काताईची मध्ये आली.

"कुसे, आता येणारा-जाणारा तुला ठेचकाळणार," मेहरुन म्हणाली.

"असू दे. वारं तरी लागेल."

झालं. एवढंच बोलणं झालं त्यावर. कॉट जड होत्या आणि आम्ही दमलेल्या होतो.

तिसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी कुसुम खाली गेली आणि लगेच परत आली. पुस्तक उघडून बसली. आम्ही तिच्याकडं पाहिलं. तिनं आमच्याकडं पाहिलं. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचंच नाही असं ठरलेलं होतं. आक्काताई खोलीत नव्हती.

आठवड्यानं सिस्टरनी गुण वाचले. "शिंगाडे, शून्य."

आक्काताईनं मान डोलावली आणि खाली बसली. अगदी निवांत. तिच्या चेहऱ्यावर शून्याचा काही परिणाम नव्हता.

खोलीत आल्याबरोबर मेहरुननं दार लावलं. "हे काय केलंस? तू आधीच उभी राहिली होतीस ना?"

"राहिले व्हते. तेव्हा पहिली व्हते. आता तिसरी हाय."

"काय तिसरी?"

"दारापासनं. मोज की."

आम्ही मोजलं. कुसुम, मेहरुन, आक्काताई. दारापासून तिसरी कॉट.

"अगं बाई," मेहरुन खालीच बसली. "माणूस मोजायचं गं. कॉट नाही."

"विमलताई म्हणाल्या दारापासनं मोजायचं. माणसं कुठं दारापासनं असत्यात? माणसं फिरत्यात." आक्काताई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. "आमच्या आडावर घागरीची पाळी असती. माणूस सावलीला बसतं. कुणी घागर सरकवली तर पाळी सरकली. भांडायचं न्हाई. घागर जिथं, पाळी तिथं."

कुसुम रडायला लागली. "मी गेले होते गं. मी विचारलं हिला, तू कशी इथं? ही म्हणाली पाळी माझी हाय. इतकं ठासून म्हणाली. स्टाफ नर्स शेजारी उभी, जास्त बोलता येईना. मला वाटलं तुमचं आपसात काही ठरलंय आणि मला सांगायचं राहिलंय."

"मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय," मी म्हणाले.

"मलाबी," प्रभा म्हणाली.

"रडू नगं," आक्काताई कुसुमला म्हणाली. "शून्य धरत न्हाईत की. उभी राहिलेलीचं धरत न्हाईत."

मग ते सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तिच्या पाटीवर सहा रेघा मारल्या. शून्य, बारा, शून्य, आणि तीन रिकाम्या. "वगळतात एकच. कोण उभी होती हे सिस्टरना माहीतच नाही. त्या फक्त सगळ्यांत कमी बघतात. हे शून्य गेलं. हे राहिलं. हे पाचांत धरणार."

आक्काताईनं पाटी हातात घेतली. दुसऱ्या शून्यावर बोट ठेवलं.

"मग उरलेल्या तिन्हीत किती पायजेत?"

"अडतीस."

"मला बाराच्या वर कधी पडणार न्हाईत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, पाटी पुसून झाल्यावर, "एकदा घरी गेले की परत कुणी सोडणार न्हाई मला. ही कॉट हाय म्हणून मी हाय हितं."

त्या रात्री जेवण झाल्याबरोबर आम्ही कॉट होत्या तशा परत लावल्या. सहा जणी, एकेक कॉट, उजवीकडे जोर लावून. आक्काताईची परत दाराला लागली. याचा काही उपयोग नव्हता. पण कुणालाच ते तसं राहू द्यावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि आक्काताई रणभिसे सिस्टरच्या खोलीत गेलो. सिस्टर पेपर तपासत होत्या.

"सिस्टर, हिचे दोन वगळाल का?" मी म्हणाले. वाटेत बरंच पाठ केलं होतं, त्यातलं एवढंच आलं.

"का?"

सिस्टरनी गुणांची वही ओढली.

"पहिला कोरा. दुसऱ्याला बारा. तिसरा कोरा," सिस्टर म्हणाल्या. "का, शिंगाडे?"

"येत न्हवतं."

"बारा कसे आले मग?"

"त्या दिवशी येत व्हतं."

सिस्टरनी पेन्सिल खाली ठेवली. "दोन वगळले तर सगळ्यांचे दोन वगळावे लागतील. मग चारांवर तुमचं वर्ष ठरणार. पुढच्या वर्षी कुणी तीन मागेल. उद्या वॉर्डात तुम्ही चुकीचं औषध दिलंत, तर ते कोण वगळणार?"

"कोण न्हाई," आक्काताई म्हणाली.

"एकच वगळलं जाईल."

"बरं."

आम्ही वळलो. दारापर्यंत आलो तेव्हा सिस्टरनी मागून विचारलं, "तुमच्या खोलीला चुना कधी मारला?"

मला वाटलं, आमचं ऐकून घ्यायचं संपलं आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. "दुसऱ्या चाचणीनंतर, सिस्टर," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेपर ओढला.

जिन्यात आक्काताई मला म्हणाली, "बाई चांगल्या हायत."

"नाही म्हणाल्या त्या!"

"व्हय. पण खरं बोलल्या."

अकरा, तेरा

सुशी उभी राहिली. आक्काताईला अकरा.

प्रभा उभी राहिली. तेरा.

बारा, शून्य, अकरा, तेरा. छत्तीस. शेवटच्या चाचणीत चौदा हवेत. चौदा तिला कधी मिळाले नव्हते. पाटीवर तो आकडा लिहून तिनं ती भिंतीला टेकवून ठेवली. आम्ही दारातून अंग चोरून जाताना रोज ती पाटी पायाला लागायची.

शेवटची

शेवटची पाळी माझी होती. खिडकीतली, सहावी. पण कुसुमचीही उरलेली होती, कारण तिची आक्काताईनं घालवली होती. एका चाचणीला दोन रिकाम्या मुली. हे आमच्या खोलीत आधी कधी झालं नव्हतं.

"मी उभी राहते," कुसुम म्हणाली. नियम मोडून, मोठ्यानं. "ते काम माझं आहे. नले, तू काय करणार?"

"मी पण कोरा देते."

"का? तू लिही की. तुला एवढे चांगले पडतायत."

"मला दहा पडले काय न् अठरा पडले काय, आता फारसा फरक पडत नाही. मी तिला शिकवते."

आक्काताई कॉटवर बसून नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं शून्य माझ्यावर फुकट घालवू नगंस."

"फुकट कुठं? सिस्टर वगळणारच आहेत ते."

"मग जरा चांगलं शिकीव. गेल्या टायमाला यकृत म्हणताना तुला लाळ सुटत व्हती."

"मला?"

"आगं, व्हय. मेहरुन साक्षीला हाय."

मेहरुननं दोन्ही हात वर करून साक्ष दिली.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारभर आम्ही गच्चीवर बसलो. गच्चीवर वॉर्डाच्या चादरी वाळत घातलेल्या असायच्या. त्यांच्या सावलीत बसायचं, सावली सरकली की आपणही सरकायचं. मी वाचायची, ती ऐकायची, मग तिच्या भाषेत मला सांगायची. मी चुका काढायची. पचनसंस्था आम्ही तोंडापासून शेवटपर्यंत चार वेळा केली. पित्त कुठं तयार होतं, कुठं साठतं, कुठं पडतं.

"म्हंजे पित्त बनतं एका घरात आणि ऱ्हातं दुसऱ्याच्या घरात," आक्काताई म्हणाली.

"हो."

"माझ्यासारखंच की."

खाली कुसुम एकटी चोवीस पेशंट करत होती. मधेच एकदा गच्चीच्या कठड्याशी येऊन आम्ही खाली पाहिलं, तर ती व्हरांड्यातून बेडपॅनची थप्पी घेऊन चालली होती आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती.

"ती उलटी चाललीय," आक्काताई म्हणाली.

"म्हणजे?"

"बेडपॅन आधी न्हाई करायचे. जेवायच्या आधी तासभर करायचे. न्हाईतर जेवताना परत मागत्यात. आणि कोपऱ्यातल्या म्हातारीला पहिलं बघायचं, ती हाका मारत न्हाई. हाका मारणाऱ्या बायका नंतर. त्यांचं काय बिघडत न्हाई, त्यांच्या आंगात जोर हाय." मग माझ्याकडं वळून, "ते ऱ्हाऊ दे. आतड्यात पित्त कुठं पडतं म्हणालीस?"

चाचणी सकाळी नऊला. वर्गात अठरा जणी. सिस्टरनी प्रश्न फळ्यावर लिहिले. दोनच होते.

दुसरा आठ गुणांचा. *पचनक्रियेतील पाचक रस व त्यांची कार्ये.* मी टेबलाखाली मूठ आवळली.

पहिला बारा गुणांचा. *बायकांच्या सर्जिकल वॉर्डात चोवीस पेशंट आहेत. संध्याकाळच्या पाळीला तुम्ही एकट्याच आहात. कामांचा क्रम लिहा. प्रत्येक कामाचे कारण द्या.*

वर्गात कुजबुज झाली. पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकात नर्स कधी एकटी नसते. मी पाठीमागं वळून आक्काताईकडं बघितलं. तिनं प्रश्न एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. मग कमरेवर हात ठेवायला गेली, बसलेली आहे हे लक्षात आलं, हात खाली घेतले आणि लिहायला लागली. तिच्या लिहिण्याचा आवाज यायचा, बोरूसारखा, कारण ती टाक कागदावर दाबून धरायची. त्या दिवशी तो आवाज थांबलाच नाही.

मी नाव लिहिलं, नंबर लिहिला. पहिल्या प्रश्नाकडं बघत बसले. माझ्या लक्षात आलं की लिहायचं म्हटलं असतं तरी मला तो आला नसता. आमच्या खोलीत एकटीनं तो वॉर्ड कधीच न सांभाळलेली मुलगी फक्त मीच होते.

वेळ संपली. सिस्टर खोलीनुसार पेपर गोळा करायच्या. पहिल्या खोलीचे सहा घेतले, चाळले. दुसऱ्या खोलीचे घेतले, चाळले. मग आमचे. वरचे उलटले, खालचे उलटले. थांबल्या.

"दोन," त्या म्हणाल्या.

अगदी हळू. माझ्या पुढ्यातच उभ्या होत्या म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, कुसुमकडं पाहिलं नाही. गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला आणि बाहेर गेल्या.

गुण वाचायचे त्या दिवशी आक्काताईनं सकाळीच वळकटी बांधून ठेवली होती. मेहरुन तिच्यावर ओरडली, तर म्हणाली, "ऱ्हायचं झालं तर सोडायला काय वेळ लागतो?"

सिस्टर वाचत गेल्या. जाधव, दहा. कुसुम निकम, शून्य. मग मेहरुन शेख, तेरा. सुतार, शून्य. शिंगाडे मध्ये यायला हवी होती, ती आली नाही. सिस्टरनी तिचा पेपर बाजूला ठेवला होता.

"शिंगाडे."

आक्काताई उभी राहिली.

"सगळ्या पेशंटना आधी पाणी द्यायचं आणि मग टेंपरेचर घ्यायचं, असं तू लिहिलंस."

"व्हय, सिस्टर."

"पाणी प्यायल्याबरोबर तोंडात थर्मामीटर ठेवला तर ताप कमी दिसतो. आधी टेंपरेचर, मग पाणी. एक गुण गेला."

"त्यांना तहान लागलेली असती, सिस्टर. चार वाजता उन्हं खिडकीतनं येत्यात."

"तरी एक गेला."

"बरं."

"पचनाचे दोन गेले. पित्त कुठं साठतं ते बरोबर आहे, बाकीचं अर्धवट. सतरा."

आक्काताई उभीच राहिली. वर्ग मागं वळून तिच्याकडं बघत होता. वर्गात सतरा कुणालाच नव्हते.

"बसू का?" तिनं विचारलं.

"बस."

ती बसली. मग परत उभी राहिली. "सिस्टर, सगळे मिळून किती झाले?"

"त्रेपन्न."

"मग मी वळकटी सोडते," आक्काताई म्हणाली, आणि सिस्टर पहिल्यांदा, माझ्या देखत तरी पहिल्यांदाच, हसल्या. तोंडावर हात धरून. मेहरुन बाकावर पालथी पडली होती आणि कुसुम परत रडत होती.

खोलीत आल्यावर आम्ही वळकटी सोडायला मदत केली. गाठी तिनं इतक्या घट्ट मारल्या होत्या की प्रभानं शेवटी दातांनी सोडवल्या. आतून दोन साड्या, एक कंगवा आणि ती पाटी निघाली.

"पाटी कशाला बांधलीस?" मी विचारलं.

"माझा आकडा हाय तिच्यावर."

संध्याकाळी तिच्या कॉटच्या पायाशी बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले. दार अर्धं उघडं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली तिच्या कॉटला ठेचकाळत होत्या आणि ती प्रत्येकीला म्हणत होती, "बघून, बाई, बघून."

 

वर्षाच्या सुरुवातीला, सहावी कॉट वर चढवली त्या दुपारी सूचनाफलकाजवळचं स्टूल मी धरून उभी होते. रणभिसे सिस्टर वर चढल्या होत्या. 'वार्षिक चाचण्या' या शब्दांपुढचा पाचाचा आकडा त्यांनी ओल्या बोळ्यानं पुसला आणि तिथं सहा लिहिला.